वाचकांचे प्रश्न : भिंतीवरचा बेसबॉल

बेसबॉलच्या ऐतिहासिक क्षणांच्या आणि जुन्या मैदानांच्या प्रिंट जमवणाऱ्या वाचकांची पत्रे बरेच दिवस माझ्या टेबलावर साठत होती. त्यांतले सात प्रश्न या अंकात घेतले आहेत. पत्रे अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांची असून, काहींनी आपल्या घरातल्या वस्तूंचे बारीकसारीक तपशील लिहिले असल्यामुळे कोणाचेही नाव छापलेले नाही. लांब पत्रांतला गाभा तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : होबोकनजवळच्या एका घरातले सामान विक्रीला निघाले होते. तिथून मी ‘करियर अँड आइव्हज’ या कंपनीचे बेसबॉलचे चित्र चौकटीसकट विकत घेतले. चित्राखाली इलिशियन फील्ड्सचे नाव आणि १८६६ हे वर्ष छापलेले आहे. चित्र अस्सल आहे की नाही, हे घरच्या घरी कसे ओळखावे?
(एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : छापलेले वर्ष हा पुरावा धरू नये. नक्कल करणाऱ्याने चित्राबरोबर त्याखालच्या ओळीही जशाच्या तशा उचललेल्या असतात, त्यामुळे ‘१८६६’ हा आकडा अस्सल प्रतीवर जितका ठसठशीत दिसतो तितकाच कॅलेंडरवरून कापलेल्या पानावरही दिसतो.

आपण ज्या चित्राविषयी लिहिता ते बेसबॉलच्या प्रिंटमधले सर्वांत नावाजलेले म्हणावे असे चित्र आहे. मॅनहॅटनच्या समोर, हडसन नदीच्या पलीकडच्या काठावर इलिशियन फील्ड्स हे मोकळे मैदान होते. लेखी नियमांनुसार झालेल्या आरंभीच्या सामन्यांत ज्याचे नाव नेहमी घेतले जाते, तो निकरबॉकर क्लबचा १९ जून १८४६ चा सामना याच मैदानावर झाला होता. पुढे वीस वर्षांनी, यादवी युद्ध नुकतेच संपलेले असताना, कंपनीने तिथल्या अजिंक्यपदाच्या सामन्याचे हे मोठे चित्र काढले. नेथॅनियल करियर यांनी १८३०च्या दशकात सुरू केलेल्या या धंद्यात जेम्स आइव्हज १८५७ मध्ये भागीदार झाले, आणि १९०७ मध्ये कंपनी बंद होईपर्यंत तिने सात हजारांच्या आसपास वेगवेगळी चित्रे छापली.

ओळखण्याची खूण मात्र या इतिहासात नाही, छपाईच्या पद्धतीत आहे. त्या कारखान्यात दगडावरून फक्त काळी रेघ छापली जात असे, म्हणजे ज्याला आपण शिळाछाप म्हणतो ते काम, आणि रंग हाताने भरले जात. एका लांब टेबलाभोवती बसलेल्या बायका एकेकच रंग लावून प्रत पुढच्या बाईकडे सरकवीत. म्हणून अस्सल प्रतीत रंग कुठे रेघेच्या किंचित बाहेर गेलेला असतो, तर कुठे ब्रश उचलल्याच्या जागी थोडा गडद साचलेला असतो. दहा पट मोठे दाखवणारे भिंग घ्या, चित्र चौकटीतून बाहेर काढा आणि आधी खेळाडूच्या सदऱ्याची काळी कड पाहा. तेलकट खडूने खरखरीत दगडावर ओढलेली रेघ भिंगाखाली सलग दिसत नाही. लहानमोठ्या, वेड्यावाकड्या काळ्या कणांची ती रांग असते आणि त्या कणांत कसलाही क्रम नसतो. मग बाजूच्या हिरवळीवर या. तिथे हिरवा रंग पातळ पाण्यासारखा सपाट पसरलेला दिसला तर आशेला जागा आहे. पण हिरवळ निळ्या, पिवळ्या, लाल आणि काळ्या ठिपक्यांत फुटली आणि ते ठिपके लहान लहान फुलांसारखे गोलाकार बसलेले दिसले, तर ती विसाव्या शतकातली ऑफसेट, म्हणजे यंत्रावरची ठिपक्यांची छपाई आहे, आणि पुढे तपासण्यासारखे काही उरत नाही.

दुसरी कसोटी आकाराची. हे चित्र कंपनीने आपल्या सर्वांत मोठ्या मापात काढले होते. नुसते चित्रच सुमारे २० इंच उंच आणि ३० इंच रुंद असून त्याखाली मजकुराचा समास वेगळा असतो. नंतरच्या नकला बहुधा याहून बऱ्याच लहान आहेत, कारण त्यांतल्या पुष्कळशा एका विमा कंपनीच्या वार्षिक कॅलेंडरांतून आणि तशाच भेटवस्तूंतून घरोघर गेल्या. खालच्या ओळीत न्यूयॉर्कच्या नॅसॉ स्ट्रीटवरचा १५२ हा पत्ता असायला हवा, पण वर म्हटल्याप्रमाणे तो नकलेतही असतो. ठिपके नसलेल्या काही चांगल्या नकलाही निघालेल्या आहेत, त्यामुळे पहिल्या दोन्ही कसोट्यांतून आपली प्रत पार पडली तर पुढचे मत जुन्या प्रिंटचा व्यवहार करणाऱ्या जाणकाराकडून किंवा लिलावगृहाच्या प्रिंट विभागाकडून घ्यावे, आणि प्रत चौकटीबाहेर काढूनच दाखवावी.

घरच्या विक्रीत मिळालेल्या प्रतींविषयीचा माझा अनुभव फारसा उत्साहवर्धक नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तरीही प्रत नकली निघाली म्हणून ती माळ्यावर टाकू नका. चित्रातला पिचर चेंडू खालून फेकतो आहे आणि कोणाच्याही हातात ग्लव्ह नाही, इकडे एकदा लक्ष द्या. खांद्यावरून चेंडू टाकायला नॅशनल लीगने १८८४ मध्ये मुभा दिली, तोपर्यंत खेळ जवळपास असाच दिसत होता, आणि ही माहिती कॅलेंडरच्या पानावरही तितकीच खरी आहे.

प्रश्न : बेब रूथने १९३२ च्या वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेत बोट दाखवून मारलेल्या होम रनची (चेंडू मैदानाबाहेर घालवणाऱ्या फटक्याची) एक मोठी, क्रमांकित प्रिंट माझ्याकडे आहे. मागे रिग्ली फील्डची वेलींनी झाकलेली विटांची भिंत फार सुंदर रंगवली आहे. माझा एक मित्र ती पाहून हसला आणि ‘ही खोटी आहे’ म्हणाला. त्याला काय म्हणायचे असावे?
(एक वाचक, शिकागो)

उत्तर : आपला मित्र वेलींना हसला असावा. रिग्ली फील्डच्या भिंतीवर वेली लावल्या गेल्या १९३७ मध्ये, आणि सेंटर फील्डच्या (बॅटरच्या समोरच्या, दूरच्या भागाच्या) वरचा, हाताने आकडे बदलायचा तो प्रसिद्ध धावफलकही त्याच वर्षीचा. रूथचा तो फटका १ ऑक्टोबर १९३२ चा, म्हणजे त्या दिवशी भिंत उघडीच होती. आपल्या प्रिंटमध्ये धावफलकही आजचाच असेल, तर चित्रकाराने १९३२ चा सामना नंतरच्या मैदानात नेऊन ठेवला आहे.

‘खोटी’ हा शब्द मात्र मी वापरणार नाही. प्रिंट नकली असणे वेगळे आणि चित्रकाराने अभ्यास न करता चित्र काढणे वेगळे. आपली प्रत ज्या आवृत्तीची म्हणून विकली गेली त्याच आवृत्तीची असेल, तर व्यवहार स्वच्छ आहे, दोष चित्रात आहे. जाणकार संग्राहक अशा चुकांना क्षमा करीत नाहीत आणि त्याचा परिणाम पुढच्या विक्रीवर होतो. मलाही त्यांचेच बरोबर वाटते, कारण ऐतिहासिक क्षणाचे चित्र म्हणून जे विकले जाते त्यात निदान भिंत तरी त्या दिवसाची असावी.

अशा तपासणीची गोडी लागली तर ती सुटत नाही. बॉस्टनच्या फेनवे पार्कची डावीकडची ३७ फूट उंच भिंत आज हिरवी म्हणून जगप्रसिद्ध आहे, पण तिला तो रंग १९४७ मध्ये लागला. त्यापूर्वी तिच्यावर जाहिराती होत्या. त्याहीआधी, म्हणजे १९१२ मध्ये मैदान सुरू झाल्यापासून १९३३ पर्यंत, तिथे लाकडी भिंत आणि तिच्या पायथ्याशी चढण होती. म्हणजे कोवळ्या वयातला रूथ बॉस्टनकडून चेंडू टाकतो आहे आणि मागे कोरी हिरवी भिंत उभी आहे, असे चित्र दिसले की चित्रकाराने संदर्भासाठी पर्यटकांचे पोस्टकार्ड वापरले असे खुशाल समजावे. पाठीवरचे आकडेही पाहावेत. रूथच्या यांकीज संघाने ते कायमचे वापरायला १९२९ मध्ये सुरुवात केली आणि फलंदाजीच्या क्रमानुसार दिले, म्हणून रूथ तीन आणि लू गेरिग चार. १९२७ च्या संघाच्या चित्रात रूथच्या पाठीवर तीनचा आकडा असेल, तर तोही नंतर चिकटवलेलाच.

राहता राहिले बोट दाखवणे. रूथने आधी बोटाने दिशा दाखवली आणि मग चेंडू तिकडेच मारला, अशी दंतकथा आहे. प्रेक्षकांतल्या एकाने घरगुती कॅमेऱ्याने टिपलेली त्या क्षणाची फिल्म पुढे लोकांसमोर आली. तिच्यात रूथ हात उचलताना दिसतो, पण तो सेंटर फील्डकडे खूण करतो आहे की शिव्या घालणाऱ्या कब्ज संघाच्या डगआउटकडे (खेळाडूंच्या बसण्याच्या जागेकडे), यावर वाद चालूच आहे. चित्रकाराला असा वाद परवडत नाही, त्याला हात एका दिशेला दाखवावाच लागतो. त्यामुळे या विषयावरच्या प्रिंटमध्ये हाताची दिशा पाहावी. तेवढ्यावरून चित्रकार दंतकथेच्या बाजूचा आहे की संशयाच्या, ते कळते.

प्रश्न : प्रिंटच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ‘३१२/९५०’ असे लिहिलेले असते. पहिला आकडा जितका लहान तितकी प्रत मोलाची, असे विक्रेते सांगतात. ‘आर्टिस्ट्स प्रूफ’ घ्यावी की साधी?
(एक वाचक, सॅन होजे)

उत्तर : आधी दुसरा आकडा पाहावा, कारण एकूण प्रती किती ते तो सांगतो. पहिल्या आकड्याला महत्त्व होते ते तांब्याच्या पत्र्यावरून छापायच्या काळात, कारण छापता छापता पत्रा झिजे आणि उशिराच्या प्रती फिक्या येत. ऑफसेट किंवा सेरिग्राफ (जाळीतून शाई दाबून केलेल्या) छपाईत तशी झीज जाणवत नाही, शिवाय प्रती ज्या क्रमाने छापल्या त्याच क्रमाने सह्या होतात असेही नाही. एक क्रमांकाची किंवा खेळाडूच्या पाठीवरच्या आकड्याशी जुळणारी प्रत हौसेने जास्त पैसे देऊन घेणारे लोक आहेत, पण ती हौस झाली. ‘आर्टिस्ट्स प्रूफ’ म्हणजे चित्रकाराने स्वतःसाठी राखलेल्या थोड्या प्रती, सहसा आवृत्तीच्या दहाव्या हिश्शाएवढ्या. चित्र तेच, कागद तोच. त्यासाठी फार जास्त मोजू नये.

तुलनेसाठी एक उदाहरण देतो. पीट रोझने टाय कॉबचा ४,१९१ हिट्सचा (बॅटरला बेस गाठून देणाऱ्या फटक्यांचा) विक्रम ११ सप्टेंबर १९८५ रोजी मोडला. त्याच वर्षी सिनसिनाटीच्या कला संग्रहालयासाठी अँडी वॉरहॉल यांनी रोझचे चित्र केले आणि त्याची जी स्क्रीनप्रिंट, म्हणजे सेरिग्राफ, निघाली तिच्या क्रमांकित प्रती ५० होत्या. उलट बाजारात ‘मर्यादित आवृत्ती’ म्हणून पाच हजार प्रतींच्या ऑफसेट प्रिंटही विकल्या जातात. पाच हजार हीसुद्धा मर्यादाच, पण तिला दुर्मीळ म्हणणे कठीण. शाईच्या फवाऱ्याने छापलेल्या, ‘जिक्ले’ या फ्रेंच नावाने विकल्या जाणाऱ्या प्रिंटच्या बाबतीत तर मर्यादा हा केवळ शब्द असतो. मूळ फाइल संगणकात असते आणि मागणीनुसार प्रत काढता येते, म्हणून शब्द देणारा कोण आहे हे पाहावे. आपण कॅलिफोर्नियात राहता म्हणून सांगतो : क्रमांकित कलाप्रतींच्या विक्रीत चित्रकाराचे नाव, छपाईची पद्धत, एकूण प्रती आणि स्वाक्षरीविषयीचा तपशील लेखी देण्याची जबाबदारी तिथल्या कायद्याने विक्रेत्यावर टाकली आहे. न्यूयॉर्कमध्येही असा कायदा आहे. तो कागद मागून घ्यावा, संकोच करू नये.

प्रश्न : बॉबी थॉमसनच्या १९५१ च्या होम रनची एक प्रिंट मला मिळते आहे. तिच्यावर थॉमसन आणि राल्फ ब्रँका या दोघांच्याही सह्या आहेत. ज्याने होम रन खाल्ला तो पिचर अशा चित्रावर सही कशी करील? सोबतचे प्रमाणपत्र ज्या दुकानाचे आहे ते आता बंद झाले आहे.
(एक वाचक, क्वीन्स)

उत्तर : दोघांच्या सह्या असणे मुळीच संशयास्पद नाही, उलट तेच नेहमीचे आहे. ३ ऑक्टोबर १९५१ रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्स मैदानावर ब्रँकाच्या चेंडूवर थॉमसनने होम रन मारला आणि न्यूयॉर्कच्या जायंट्सने ब्रुकलिनच्या डॉजर्सना ५–४ असे हरवून नॅशनल लीगचे अजिंक्यपद मिळवले. पुढच्या काळात हे दोघे शेकडो कार्यक्रमांना जोडीने गेले आणि शेजारी शेजारी बसून सह्या करत राहिले. थॉमसन २०१० मध्ये वारले, ब्रँका २०१६ मध्ये. म्हणून प्रिंट कोणत्या वर्षी निघाली ते आधी पाहावे आणि या तारखांशी ताडून घ्यावे. हा हिशेब बाळबोध वाटेल, पण ऐंशीच्या दशकातल्या प्रिंटवर १९४८ मध्ये वारलेल्या रूथची सही असल्याचे मी स्वतः पाहिले आहे, आणि विकणारा अगदी गंभीर होता.

प्रमाणपत्र हा कागद आहे, आणि ज्याला सही खोटी करता येते त्याला कागद छापणे अवघड नसते. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात एफबीआयने खेळाडूंच्या बनावट सह्यांविरुद्ध ‘ऑपरेशन बुलपेन’ ही मोठी मोहीम चालवली. तिच्यात उघड झालेल्या मालात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलही होते. त्या मालालाही प्रमाणपत्रे होती. याच सुमारास जागे होऊन मेजर लीग बेसबॉलने २००१ मध्ये आपली प्रमाणीकरण योजना सुरू केली. तिच्यात सही होताना साक्षीदार हजर असतो आणि वस्तूवर क्रमांकित होलोग्राम चिकटवला जातो, जो काढू गेल्यास फाटतो. जुन्या सह्यांना हा आधार मिळत नाही. त्या स्वतंत्र परीक्षकाकडेच पाठवाव्या लागतात.

मात्र परीक्षकाकडे जाण्याआधी भिंग लावा. बऱ्याच वर्षांपूर्वी याच क्षणाची एक प्रिंट मी टपालाने मागवली होती. जाहिरातीत ‘दोन्ही खेळाडूंच्या स्वाक्षरीसह’ असे लिहिले होते. सह्या सुरेख होत्या, निळ्या शाईच्या, थोड्या तिरक्या. मी ती चौकटीत घालून आणली, भिंतीवर लावली, आणि महिन्याभराने सहज भिंग धरले तर थॉमसनच्या नावातले पहिले अक्षर ठिपक्यांचे बनलेले! सह्या चित्राबरोबरच छापलेल्या होत्या. विक्रेत्याशी भांडायला गेलो तर तो शांतपणे म्हणाला, ‘स्वाक्षरी आहे असे म्हटले होते, हाताने केलेली आहे असे कुठे म्हटले होते?’ कागद तिरका धरून उजेडात पाहिला असता तरी शाई कागदावर बसलेली नाही हे कळले असते. हाताने केलेल्या सहीत पेनाचा दाब, शाईची चमक आणि जिथे दोन रेघा एकमेकींवरून जातात तिथला गडदपणा दिसतो.

प्रिंट घ्यायची ठरलीच, तर कोणता क्षण काढला आहे तेही पाहा. चांगल्या चित्रकाराला ठाऊक असते की त्या वेळी डावीकडे डॉजर्सचा अँडी पाफ्को भिंतीपाशी वर पाहत उभा होता, पुढचा बॅटर म्हणून विली मेज हा नवखा पोरगा वाट पाहत होता, आणि सगळे डॉजर्स माना खाली घालून निघाले असताना जॅकी रॉबिन्सन एकटा मैदानात थांबून थॉमसन प्रत्येक बेसला पाय लावतो की नाही ते पाहत होता. माझ्या मते या एकट्या रॉबिन्सनचे चित्र काढणारा चित्रकार होम रनचे चित्र काढणाऱ्यापेक्षा वरचढ. आणखी एक गोष्ट अशा चित्रांत बहुधा येत नाही, ती म्हणजे सेंटर फील्डच्या टोकाला असलेली क्लबहाउसची खिडकी. त्या मोसमात जायंट्स तिथून दुर्बिणीने प्रतिस्पर्धी कॅचरच्या (पुढचा चेंडू कोणता टाकावा हे पिचरला सांगणाऱ्या) खुणा चोरत होते, हे २००१ मध्ये उघड झाले. तो चेंडू कोणता येणार हे थॉमसनला आधी कळले होते का, हा प्रश्न त्याला मरेपर्यंत विचारला गेला, आणि ‘नाही’ हेच त्याचे उत्तर राहिले.

प्रश्न : एबेट्स फील्ड आणि पोलो ग्राउंड्स यांच्या चित्रांना आजच्या मैदानांच्या चित्रांपेक्षा अधिक मागणी असते. केवळ ती पाडली गेली म्हणून का? फोटो उपलब्ध असताना लोक रंगवलेली चित्रे का घेतात?
(एक वाचक, ब्रुकलिन)

उत्तर : पाडली गेली हे कारण आहेच, आणि ती ज्या रीतीने पाडली गेली तेही लोक विसरलेले नाहीत. एबेट्स फील्ड १९१३ ते १९५७ पर्यंत डॉजर्सचे घर होते. संघ लॉस एंजेलिसला निघून गेला आणि २३ फेब्रुवारी १९६० रोजी पाडकाम सुरू झाले, तेव्हा क्रेनला टांगलेला लोखंडी गोळा बेसबॉलसारखा पांढरा रंगवून त्यावर लाल टाके काढले होते. चार वर्षांनी पोलो ग्राउंड्स पाडायलाही तोच गोळा आणला गेला. आज दोन्ही जागी राहत्या इमारती आहेत. घर गेलेल्या माणसाला घराचे चित्र हवे असते, त्यात नवल नाही.

पण दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. ही मैदाने शहराच्या रस्त्यांत कोंबून बसवलेली होती, म्हणून प्रत्येकाचा आकार वेडावाकडा आणि वेगळा. पोलो ग्राउंड्स आंघोळीच्या टबासारखे लांबोळके होते. उजव्या फाउल लाइनची, म्हणजे कडेच्या रेषेची, लांबी जेमतेम २५८ फूट, आणि सेंटर फील्ड खोल इतके की भिंतीपर्यंतचे अंतर ४८० फुटांच्या पुढे. विली मेजने २९ सप्टेंबर १९५४ रोजी वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात विक वर्ट्झचा फटका पाठमोरा धावत जाऊन झेलला तो याच पोकळीत. दुसऱ्या बऱ्याच मैदानांत तो चेंडू प्रेक्षकांत पडला असता. त्या झेलाचे फोटो प्रसिद्ध आहेत, त्यांत पाठीवरचा २४ हा आकडा आणि पुढे केलेले हात दिसतात. मात्र तो किती पळाला हे फोटोत मावत नाही. कॅमेऱ्याला एका जागी उभे राहावे लागते. चित्रकार मात्र वरच्या मजल्यावरच्या कल्पित खुर्चीत बसून बॅटरपासून भिंतीपर्यंतचे सगळे अंतर एका कागदावर मांडू शकतो, आणि मग त्या हिरव्या विस्ताराच्या टोकाला एक ठिपक्याएवढा माणूस धावताना दिसला की झेल म्हणजे काय होता ते समजते.

एबेट्स फील्डच्या चित्रांत खरी मजा उजवीकडच्या भिंतीची. धावफलकाखाली कपड्यांच्या दुकानदार एब स्टार्कची जाहिरात होती, की या फलकावर फटका मारा आणि सूट जिंका. वर शेफर बिअरचे नाव होते. त्यातले एक अक्षर हिट झाला की पेटे आणि दुसरे एक अक्षर एरर, म्हणजे क्षेत्ररक्षकाची चूक, झाली की. जुने ब्रुकलिनकर प्रिंट घेताना आधी ही भिंत बघतात आणि अक्षर पेटलेले नसेल तर विक्रेत्याला विचारतात, की बाबा, त्या दिवशी कोणी हिट मारलाच नाही का?

अपवाद म्हणून पिट्सबर्गच्या फोर्ब्ज फील्डचा उल्लेख करायला हवा. बिल मॅझरोस्कीने १३ ऑक्टोबर १९६० रोजी वर्ल्ड सिरीज संपवणारा होम रन मारला, त्या मैदानाच्या बाहेरच्या भिंतीचा एक तुकडा विद्यापीठाच्या आवारात अजून उभा आहे, आणि दरवर्षी त्या तारखेला लोक तिथे जमून सामन्याचे जुने प्रक्षेपण ऐकतात. त्या मैदानाची प्रिंट घेणाऱ्याला निदान वीट ताडून पाहायला मिळते.

प्रश्न : माझ्या बैठकीच्या खोलीत दुपारचे ऊन येते. तिथे सेरिग्राफ लावला तर चालेल का? चौकटवाल्याने प्रिंट पुठ्ठ्यावर चिकटवून घेण्याचा सल्ला दिला आहे.
(एक वाचक, फिनिक्स)

उत्तर : दोन्हींना नाही. उन्हाने उडालेला रंग परत येत नाही, आणि अतिनील किरण अडवणारी काच लावली तरी उरलेला उजेड आपले काम हळूहळू करतच राहतो. आतल्या, ऊन न येणाऱ्या भिंतीवर चित्र लावा आणि काच तरीही तीच घ्या. चिकटवलेली प्रिंट संग्राहकाच्या दृष्टीने जवळपास संपली. ती कापसाच्या लगद्यापासून केलेल्या, आम्ल नसलेल्या पुठ्ठ्यावर जपानी कागदाच्या छोट्या बिजागऱ्यांनी, गव्हाच्या खळीने वरच्या कडेला टांगली जावी, म्हणजे हवामानानुसार कागदाला फुगायला आणि आकसायला जागा राहते. पुढचा माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा कापलेला पुठ्ठा, असा असावा की कागद काचेला टेकणार नाही. जुन्या चौकटीतल्या माउंटची तिरकी कापलेली कड तपकिरी झालेली दिसली, तर पुठ्ठा आम्लयुक्त आहे आणि तोच डाग प्रिंटवरही उमटत आहे असे समजून तो लगेच बदलावा. समास कापून चित्र चौकटीत बसवू देऊ नका. क्रमांक आणि सही तिथेच असते.

प्रश्न : नॉर्मन रॉकवेल यांचे पावसाकडे पाहणाऱ्या तीन अंपायरांचे चित्र माझ्याकडे दोन प्रकारांत आहे. एक गुळगुळीत कागदावरची मोठी प्रिंट, आणि दुसरे वडिलांच्या मित्राने दिलेले, थोडे पिवळे पडलेले लहान पान. भिंगाखाली दोन्हींत ठिपके दिसतात, म्हणून दोन्ही सारखीच समजायची का?
(एक वाचक, ऑल्बनी)

उत्तर : नाही, आणि पहिल्या उत्तरात सांगितलेली ठिपक्यांची कसोटी इथे लावायची नाही हे आवर्जून सांगतो. ते चित्र ‘सॅटरडे इव्हनिंग पोस्ट’च्या २३ एप्रिल १९४९ च्या अंकाचे मुखपृष्ठ होते. मूळ तैलचित्र कूपर्सटाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये आहे. मुखपृष्ठ म्हणून ते पहिल्यापासूनच ठिपक्यांत छापले गेले, तेव्हा १९४९ च्या अस्सल पानातही ठिपके असणारच.

चित्रातला प्रसंग एबेट्स फील्डवरचा आहे. मागच्या फलकावर नऊपैकी सहावी इनिंग चालू असून पिट्सबर्ग १–० ने पुढे आहे. पाच इनिंग पूर्ण झाल्यामुळे अंपायरांनी पावसासाठी खेळ थांबवून तिथेच संपवला तर पिट्सबर्ग जिंकणार, आणि तरीही हसतो आहे तो ब्रुकलिनचा माणूस, तर तोंड पाडून उभा आहे पिट्सबर्गचा मॅनेजर. या उलट्या चेहऱ्यांचा अर्थ लावण्यात लोकांनी बराच वेळ घालवला आहे. मला वाटते ब्रुकलिनच्या माणसाला आभाळाच्या एका कोपऱ्यात उघडीप दिसली असावी. अंपायर मात्र तळहातावर पडलेल्या थेंबाकडेच लक्ष देऊन आहेत.

रॉकवेल यांच्या बेसबॉलच्या दुसऱ्या एका मुखपृष्ठाचे मूळ चित्र, बॉस्टनच्या संघाच्या खोलीत आलेल्या नवख्या खेळाडूचे, २०१४ मध्ये लिलावात सव्वादोन कोटी डॉलरच्या वर गेले. त्या आकड्यामुळे मुखपृष्ठे विकणाऱ्यांच्या अपेक्षा उगाच वाढलेल्या आहेत. अंक लाखोंच्या संख्येने छापला जात असे, त्यामुळे आपले पान मौल्यवान असेलच असे नाही, पण ते त्या वर्षीचे असण्याची शक्यता बरीच आहे. खात्री करायची तर ते उलटून पाहा. मागे त्या काळची पानभर जाहिरात किंवा मजकूर असेल आणि पुढे कोपऱ्यात कुठे वर्गणीदाराच्या पत्त्याची चिठ्ठी किंवा तिचा डाग असेल, तर ते अंकाचे पान आहे. पाठ कोरी असेल, तर ती नंतर काढलेली प्रत.